मनगटावरचे आकडे आणि ताटातले अन्न

प्रश्न : माझे वय ४६ असून मी नाशिकमध्ये बँकेत नोकरी करते. उंची १५८ सेंटिमीटर आहे. दिवाळीनंतरच्या तपासणीत एचबीए१सी (रक्तातील साखरेची गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी) ६.१ निघाले, वजन ७९ किलो भरले आणि डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितले. पुण्यात राहणाऱ्या मुलीने स्मार्टवॉच आणून दिले व फोनमध्ये कॅलरी मोजणारे अ‍ॅप घालून दिले. पहिल्या दोन महिन्यांत साडेतीन किलो वजन कमी झाले. त्यानंतरचे दोन महिने मात्र काटा ७५ आणि ७६ यांच्यामध्येच आहे. मी रोज संध्याकाळी पाऊण तास चालते आणि घड्याळ ३८० कॅलरी जळाल्याचे दाखवते. अ‍ॅपने दिवसाला १२०० कॅलरींची मर्यादा घातली आहे. ती ओलांडली की आकडा लाल होतो आणि मग मी रात्री जेवतच नाही. आमटी, पालेभाजी, भाकरी यांची नोंद कशी करावी ते कळत नाही. उपवासाच्या दिवशी आणि लग्नकार्यात नोंद राहूनच जाते. मुलगी तिच्या फोनवर माझे आकडे पाहते आणि रोज विचारते. घरचे म्हणतात, सोडून दे हे सगळे. सोडू का? की पैसे भरून अ‍ॅपची मोठी आवृत्ती घेऊ? माझ्या यजमानांना मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. त्यांनीही हे सुरू केले तर चालेल का?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

सोडू नका, पण आज ज्या पद्धतीने करता आहात त्या पद्धतीने पुढे चालूही ठेवू नका. तुमच्या पत्रात थकवा जाणवतो, आणि तो थकवा बहुतांशी चुकीच्या ठिकाणी केलेल्या कष्टांचा आहे.

सर्वप्रथम, जे घडले आहे त्याचे मोल जाणून घ्या. ७९ किलोंमधून साडेतीन किलो उतरणे म्हणजे सुमारे साडेचार टक्के वजन कमी होणे. तुमच्यासारख्या मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांसाठी अमेरिकेत जो मोठा प्रतिबंधक अभ्यास झाला आणि ज्याचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले, त्यात सात टक्के वजन उतरवणे आणि आठवड्याला १५० मिनिटे चालण्यासारखा व्यायाम करणे एवढेच उद्दिष्ट ठेवले होते, आणि तेवढ्याने मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. तुमच्या बाबतीत सात टक्के म्हणजे साडेत्र्याहत्तर किलो. तुम्ही त्यापासून अवघ्या दोन किलोंवर आहात, आणि चालण्याचे उद्दिष्ट तर तुम्ही केव्हाच ओलांडले आहे. चेन्नईच्या संशोधकांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय अभ्यासात तर आहार आणि हालचाल सुधारलेल्या गटाचे वजन फारसे उतरलेही नव्हते, तरी त्या गटात मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला. काटा दोन महिने हलला नाही म्हणून दोन महिने वाया गेले, असे समजण्याचे काहीच कारण नाही.

आता नोंदींचा खरोखर उपयोग होतो का, याविषयी. होतो, पण तो यंत्रामुळे आपोआप होत नाही. अमेरिकेत सुमारे १७०० प्रौढांवर झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आठवड्यातून सहा किंवा अधिक दिवस खाण्याची नोंद ठेवणाऱ्यांचे वजन काहीच नोंद न ठेवणाऱ्यांच्या जवळजवळ दुपटीने उतरले. हे लोक मुळातच अधिक नेटाने प्रयत्न करणारे असणार, हे त्यात गृहीत धरायला हवे. पुढे लॉस एंजेलिसमध्ये दवाखान्यात येणाऱ्या २१२ रुग्णांपैकी निम्म्यांना एक लोकप्रिय मोफत अ‍ॅप वापरायला शिकवले गेले, तेव्हा सहा महिन्यांनंतर दोन्ही गटांच्या वजनात लक्षणीय फरक आढळला नाही, कारण पहिल्या महिन्यानंतर बहुतेकांनी अ‍ॅप उघडणेच जवळपास सोडून दिले होते. पिट्सबर्गमध्ये ४७१ तरुण प्रौढांवर दोन वर्षे चाललेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत निष्कर्ष त्याहून विचार करायला लावणारा होता : समुपदेशनाबरोबर अंगावर घालण्याचे मोजयंत्र मिळालेल्या गटाचे वजन सरासरी साडेतीन किलो उतरले, तर यंत्राविना स्वतःच नोंद करणाऱ्यांचे ५.९ किलो. या साऱ्यावरून माझे मत असे बनले आहे की, ज्या नोंदीवरून माणूस दुसऱ्या दिवशी काहीतरी वेगळे ठरवतो तीच नोंद कामाची, आणि जी नोंद केवळ यंत्रात साठत जाते तिचा भार तेवढा उरतो.

तुमचा काटा का अडकला, याचे उत्तर बहुधा त्या ३८० कॅलरींमध्ये दडलेले आहे. मनगटावरची घड्याळे नाडीचे ठोके बऱ्यापैकी बरोबर मोजतात, परंतु त्यावरून खर्च झालेल्या ऊर्जेचा जो अंदाज ती बांधतात तो फार कच्चा असतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ साली सात प्रकारची यंत्रे तपासली. त्यांपैकी सहांमध्ये ठोक्यांची चूक पाच टक्क्यांच्या आत होती, मात्र कॅलरींच्या बाबतीत सर्वांत बऱ्या यंत्राचीही चूक सरासरी २७ टक्के आणि सर्वांत वाईट यंत्राची ९३ टक्के होती. ७५ किलो वजनाची व्यक्ती पाऊण तास मध्यम वेगाने चालली तर साधारण २०० कॅलरी खर्च होतात, आणि त्यातही खुर्चीत बसून राहिली असती तरी खर्च झाल्याच असत्या अशा ५०-६० कॅलरी धरलेल्या असतात. म्हणजे चालण्यामुळे पडलेली खरी भर सुमारे दीडशे कॅलरींची. अनेक अ‍ॅप घड्याळाचा आकडा आपल्याकडे ओढून घेतात आणि तेवढे खाण्याची मुभा वाढवून देतात. तुमच्या अ‍ॅपमध्ये असे होत असेल, तर फिरून आल्यावर चहाबरोबर खाल्लेला दोन मुठी चिवडा त्या वाढीव मुभेत अगदी नियमाप्रमाणे बसत असेल, आणि तेवढ्यानेच त्या दिवसाची सारी बचत संपत असेल. अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये जाऊन व्यायामाच्या कॅलरी खाण्याच्या मर्यादेत मिळवण्याची सोय बंद करा. तुमच्या पत्रातील सगळ्या अडचणींपैकी एकच आज दुरुस्त करायची असेल, तर ती ही.

घड्याळाने पावले आणि चालण्याची मिनिटे मोजावीत. त्यासाठी ते चांगले आहे. रोज १० हजार पावलांचे जे लक्ष्य सर्वत्र सांगितले जाते त्याचा उगम १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या एका पावले मोजणाऱ्या यंत्राच्या नावात आहे, वैद्यकीय संशोधनात नाही. तुमची सध्याची सरासरी काढा, तिच्यात हजाराची भर घाला आणि ती जमली की पुढचा विचार करा.

खाण्याच्या नोंदीकडे थोडे सविस्तर वळतो, कारण मराठी घरातला स्वयंपाक या अ‍ॅपच्या साच्यात सहजी मावत नाही. नोंद कमी पडणे हा तुमचा दोष नव्हे. ‘कितीही कमी खाल्ले तरी वजन उतरत नाही’ अशी तक्रार असलेल्या व्यक्तींची न्यूयॉर्कमध्ये काटेकोर तपासणी झाली, तेव्हा त्या प्रत्यक्षात खात होत्या त्यापेक्षा ४७ टक्के कमी खाणे सांगत होत्या आणि आपली हालचाल ५१ टक्के वाढवून सांगत होत्या, असे १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. ही माणसे खोटे बोलत नव्हती. फोडणीतले तेल, चव पाहताना खाल्लेला घास, मुलांच्या ताटात उरलेले संपवणे हे कोणालाच आठवत नाही, आणि स्वयंपाक करणाऱ्या बाईला तर मुळीच नाही.

म्हणून दर जेवणाला ग्रॅम मोजण्याऐवजी स्वयंपाकघरात एकदाच मोजमाप करून ठेवा. एका रविवारी भाकरीचे पीठ वजनकाट्यावर तोला. ६० ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी साधारण २०० कॅलरींची होते, तर २५ ते ३० ग्रॅम कणकेचा फुलका ८५ ते १०० कॅलरींचा. अ‍ॅपमध्ये ‘रोटी’ या एका नावाखाली दोन्ही येतात, त्यामुळे त्याच्या यादीतला आकडा न घेता ‘आमच्या घरची भाकरी’ अशी स्वतःची नोंद एकदा करून ठेवा. आमटीची वाटी, भाताची मूद, उसळीचा डाव यांचेही तसेच करा. भारतीय खाद्यपदार्थांची पोषणमूल्ये हवी असतील, तर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली ५२८ पदार्थांची कोष्टके प्रसिद्ध केली आहेत. परदेशी यादीतल्या ‘करी’ या अगम्य नोंदीपेक्षा ती कितीतरी विश्वसनीय आहेत.

तेलासाठी अ‍ॅप वापरूच नका; महिन्याचा किराणा पुरेसा आहे. चौघांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल लागत असेल, तर प्रत्येकाच्या वाट्याला रोज सुमारे ३० ग्रॅम तेल, म्हणजे २७० कॅलरी येतात, आणि यातली एकही कॅलरी तुम्ही ‘पालेभाजी, एक वाटी’ असे लिहिता तेव्हा खात्रीने मोजली जात नाही. हेच तेल तीन लिटरांवर आले तर प्रत्येकाचे रोजचे जवळपास ७० कॅलरी खाणे कोणाचेही पोट रिकामे न ठेवता कमी होते. तेलाच्या पिशवीवर ती फोडल्याची तारीख लिहिणे ही माझ्या मते सर्वांत साधी आणि सर्वांत प्रामाणिक नोंद आहे. दाण्याच्या कुटाबाबतही एवढीच दक्षता घ्या. दोन मोठे चमचे कूट भाजीत पडले की सुमारे १०० कॅलरी वाढतात. कूट पौष्टिक आहे आणि ते बंद करण्याचे कारण नाही, फक्त त्याचा हिशेब ठेवा.

उपवासाविषयी मात्र मला आग्रहाने सांगायचे आहे. तुम्ही नेमके ज्या दिवशी लिहीत नाही, त्याच दिवशी लिहिण्याची सर्वाधिक गरज आहे. ६० ग्रॅम साबुदाणा, २५ ग्रॅम दाण्याचे कूट आणि दोन चमचे तूप एवढ्याची खिचडी सुमारे ४४० कॅलरींची होते, आणि त्यात प्रथिने थोडी व पिष्ट भरपूर असल्यामुळे दोन-तीन तासांत पुन्हा भूक लागते. उपवास श्रद्धेने करत असाल तर जरूर करा. भगर, दही, ताक, रताळे, राजगिरा, फळे असे खाऊनही तो पाळता येतो. त्या दिवशी कॅलरी लिहायला नको वाटत असेल, तर ताटाचा फोटो तेवढा काढून ठेवा. लग्नाच्या पंगतीतही हेच करावे. तिथे आकडे भरत बसणे शोभतही नाही आणि ते बरोबर येण्याची शक्यताही नसते. फोटो पाहून दुसऱ्या दिवशी दोन ओळी लिहिल्या तरी चालते. व्हर्माँट विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासात नोंदीसाठी पहिल्या महिन्यात रोज सरासरी २३ मिनिटे लागत होती, सहाव्या महिन्यापर्यंत ती १५ च्या आत आली, आणि वजन उतरण्याचा संबंध या मिनिटांपेक्षा दिवसातून किती वेळा नोंद झाली याच्याशी अधिक होता. तेव्हा थोडे लिहा, परंतु खाल्ल्यावर लगेच लिहा आणि दिवसातून तीनदा तरी लिहा.

तुमच्या पत्रातील ज्या वाक्याने मला खरी काळजी वाटली ते म्हणजे आकडा लाल झाल्यावर रात्रीचे जेवण टाळणे. तुमच्या वयाच्या, उंचीच्या आणि वजनाच्या स्त्रीचे शरीर दिवसभर नुसते पडून राहिले तरी अंदाजे १३०० कॅलरी वापरते. अ‍ॅपने तुम्हाला त्याहूनही कमी, १२०० ची मर्यादा दिली, कारण सुरुवातीला ‘आठवड्याला किती किलो उतरवायचे’ या प्रश्नाला आपण उत्साहाने मोठा आकडा भरतो आणि अ‍ॅप निमूटपणे त्याची वजाबाकी करते. ही मर्यादा कोणत्याही डॉक्टरने ठरवलेली नाही. आहारतज्ज्ञांशी बोलून ती १४०० ते १५०० च्या दरम्यान आणा, आणि महिन्याला एक ते दीड किलोची अपेक्षा ठेवा. लाल रंग दाखवण्याची सोय बंद करता येत असेल तर तीही करा. जेवण टाळल्याने दुसऱ्या दिवशी दुपारी अनावर भूक लागते, आणि मग खाल्ल्याचा अपराधीपणा येऊन पुन्हा जेवण टाळले जाते. या चक्रातून काही माणसांना खाण्याचे गंभीर मानसिक आजार जडतात. लपून खाणे, खाल्ल्यावर मुद्दाम उलटी काढणे, अ‍ॅपमध्ये भरता येणार नाही म्हणून घरच्यांबरोबर जेवायला न बसणे यांपैकी काहीही होऊ लागले, तर त्याच दिवशी अ‍ॅप काढून टाका आणि डॉक्टरांशी बोला. बोलायला संकोच वाटला तर शासनाच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते.

काट्याचे वाचन कसे करावे, हेही समजून घेतले पाहिजे. सुरुवातीच्या आठवड्यांत उतरलेल्या वजनात पाण्याचा मोठा वाटा असतो, कारण शरीरातील साठवलेली साखर वापरली जाते तेव्हा तिच्यासोबत धरून ठेवलेले सुमारे तिप्पट पाणीही निघून जाते. तो वेग पुढे टिकत नाही. उलट, पापड-लोणच्याचे जेवण झाले, मासिक पाळी जवळ आली किंवा पोट साफ झाले नाही, तर चरबीत काहीही फरक न पडता वजन एका रात्रीत किलोभर वाढलेले दिसते. वजन सकाळी शौचास जाऊन आल्यावर आणि चहापूर्वी करा, आणि रोजच्या आकड्याकडे न पाहता आठवड्याच्या सरासरीकडे पाहा. बहुतेक अ‍ॅपमध्ये तसा आलेख मिळतो. रोजच्या आकड्याने दिवस खराब जात असेल, तर आठवड्यातून एकदाच वजन करा. चरबीचे टक्के दाखवणाऱ्या काट्यांवर विसंबू नका. ते पायांतून सौम्य विद्युतप्रवाह सोडून अंदाज बांधतात आणि अंगातले पाणी कमी-जास्त झाले की त्यांचा आकडा बदलतो. त्यापेक्षा शिवणकामाची टेप घेऊन महिन्यातून एकदा कंबर मोजा. भारतीय स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटरच्या पुढे आणि पुरुषांसाठी ९० च्या पुढे धोका वाढतो असे मानले जाते. आणखी किती अंतर बाकी आहे ते टेप स्पष्ट सांगेल, आणि काटा स्थिर असतानाही कंबर कमी होताना दिसली तर तुमचे प्रयत्न योग्य मार्गाने चालले आहेत, असे निःशंक समजा.

पैसे भरून मिळणारी आवृत्ती घेऊ नका. तुमच्या अडचणींपैकी एकीवरही तिच्यात उपाय नाही. तेच पैसे आहारतज्ज्ञांच्या एका भेटीसाठी वापरा. अ‍ॅपला तुमचे संपर्क आणि ठिकाण पाहण्याची परवानगी दिली असेल तर तीही काढून घ्या. खाण्याच्या नोंदीसाठी त्यांची गरज नसते.

मुलीशी मात्र मोकळेपणाने बोला. तिची माया खरी आहे आणि तिची सोबत तुम्हाला हवीच आहे, कारण कोणाशी तरी बोलण्याची सोय असली की नोंदी टिकतात. चेन्नईच्याच संशोधकांनी २०१३ साली दाखवून दिले की, धोका असलेल्या ५३७ नोकरदार पुरुषांपैकी ज्यांना मोबाइलवर नियमित साधे संदेश गेले, त्यांच्यापैकी दोन वर्षांत १८ टक्क्यांना मधुमेह झाला, तर संदेश न मिळालेल्यांपैकी २७ टक्क्यांना. एवढ्याशा आठवणीत बळ असते. परंतु रोज आईचे आकडे उघडून पाहणे ही देखरेख होते, आणि देखरेखीखाली माणूस खरे लिहीत नाही. आकडे रोज तिच्या फोनवर जाणे बंद करून रविवारी अर्धा तास फोनवर बोलण्याचे ठरवा, आणि त्या बोलण्यात ‘किती उतरले’ याऐवजी ‘या आठवड्यात काय अवघड गेले आणि पुढच्या आठवड्यात काय बदलायचे’ एवढेच बोला.

यजमानांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाणे कमी करू नये. ग्लिमेपिराइडसारख्या काही गोळ्या आणि इन्सुलिन यांचा डोस नेहमीच्या आहाराचा अंदाज घेऊन ठरवलेला असतो. जेवण घटले, चालणे वाढले आणि डोस तोच राहिला, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. घाम फुटणे, हात थरथरणे, गोंधळल्यासारखे होणे ही त्याची लक्षणे आहेत, आणि तशा वेळी ताबडतोब साखर किंवा ग्लुकोज द्यावे लागते. गोळीचे नाव घेऊन डॉक्टरांकडे जा, डोस तपासून घ्या, मग दोघांनी मिळून सुरुवात करा. तेलाच्या पिशवीवरची तारीख मात्र आजपासूनच दोघांसाठी लिहायला हरकत नाही.

एचबीए१सी ही तपासणी साधारण मागील दोन-तीन महिन्यांच्या साखरेचे चित्र देते. दिवाळीनंतरची तपासणी आता जुनी झाली आहे, तेव्हा ती पुन्हा करून घ्या. जाताना फोन पुढे न करता एका कागदावर आठवड्याच्या वजनाची सरासरी, कंबरेचे माप, रोजच्या पावलांची सरासरी आणि जेवण टाळलेल्या रात्री एवढे लिहून न्या. डॉक्टरांकडे पाच-दहा मिनिटे असतात. त्यांना कॅलरींचे चार महिने पाहता येणार नाहीत, पण हा कागद ते नक्की वाचतील, आणि जेवण टाळलेल्या रात्रींबद्दल त्यांनी नाही विचारले तर तुम्हीच आधी सांगा.